फिनिशियन (नामव्युत्पत्ती)

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील, मुख्यत्वे आधुनिक लेबाननमधील, प्राचीन दर्यावर्दी लोकांना ग्रीकांनी दिलेले नाव. टायर, सायडन, बिब्लस इ. नगरराज्यांतील हे लोक आपली ओळख नगरावरून वा कुळावरून सांगत. स्वभाषेतील कोरीव लेखांत ते स्वतःस ‘फिनिशियन’ म्हणवीत नाहीत. त्यामुळे ‘फिनिशियन राष्ट्र’ ही कल्पना जपूनच वापरावी लागते.

ग्रीक ‘फॉइनिक्स’ म्हणजे गडद तांबडा वा जांभळट रंग. खजुरीचे झाड व कथेतील पक्षी हेही त्याचे अर्थ. रंगाचा अर्थ सर्वाधिक ग्राह्य ठरला, कारण टायरचा जांभळा रंग विख्यात होता. म्यूरेक्स जातीच्या समुद्री गोगलगायींच्या ग्रंथिस्रावापासून तो काढीत. पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञास १९०९ मध्ये १२,००० गोगलगायींपासून जेमतेम १·४ ग्रॅ. रंगद्रव्य मिळाले, राजवस्त्रांपुरताच तो का परवडे, हे यावरून कळते. मात्र रंगावरून लोकांना नाव मिळाले की लोकांवरून रंगाला, हा वाद मिटलेला नाही. ईजिप्शियन ‘फेन्खू’ या शब्दाशी जोडलेला संबंध आता सहसा मान्य होत नाही.

या प्रदेशाचे देशी नाव कनान. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील काही नाण्यांवरील फिनिशियन लेखांतही ते आढळते. ग्रीक शब्दापासूनच लॅटिन ‘पीनस’ व ‘प्यूनिक’ ही रूपे झाली. कार्थेज ही टायरची वसाहत, म्हणून रोमशी तिने केलेल्या युद्धांना (इ. स. पू. २६४–१४६) प्यूनिक युद्धे म्हणतात. हे नावही अर्थात शत्रुपक्षाचेच.