एक स्फटिक, 77 वर्षं

लिथियम फ्लोराइड हा मिठाच्या कुळातला पारदर्शक स्फटिक. त्यातून वीज वाहत नाही. 1930मध्ये हॅम्बुर्गला इमॅन्युएल एस्टरमन आणि ओटो स्टर्न यांनी त्यावर हेलियमचा झोत सोडला. उसळलेले अणू ठरावीक दिशांनाच जास्त सापडले. म्हणजे अख्खा अणूही लाटेसारखा वागतो. तीनच वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि स्टर्नना जर्मनी सोडावी लागली.

ते अणू संथ होते. वेगवान आयनांचा अभ्यास वेगळ्या वाटेनं गेला. 1000 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या हेलियमची तरंगलांबी स्फटिकातल्या अणूंमधल्या अंतराच्या शतांशाहूनही कमी भरते. शिवाय ते अणू उष्णतेनं थरथरत असतात. मग लाट कशाला, कॅरमच्या सोंगट्या समजून हिशेब करा! कोड लिहून पोट भरणाऱ्या मला हे गृहीतक फार ओळखीचं वाटतं. गणित सोपं होतं, उत्तरं जुळतात. मग त्याला हात कोण लावणार?

पण आयन पृष्ठभागाला जेमतेम 1 अंशाच्या कोनात घासून गेला तर? अणूंच्या रांगेच्या दिशेनं तो सुसाट जातो. एकेक अणू त्याला जाणवत नाही, जाणवते ती नांगरलेल्या शेतातल्यासारखी गुळगुळीत सरी. पृष्ठभागाकडे जाण्याच्या गतीत मात्र 1000पैकी फक्त 0.3 इलेक्ट्रॉनव्होल्ट उरतात. त्या दिशेची तरंगलांबी सुमारे 57 पट मोठी! वेगवान अणू, पण धडक अगदी हळुवार.

इथं वीज न वाहण्याचा गुण कामी येतो. धातूतले इलेक्ट्रॉन लहानसहान ऊर्जाही गिळतात आणि लाटेची लय बिघडवतात. लिथियम फ्लोराइडमधला इलेक्ट्रॉन हलवायला सुमारे 14 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. 1998मध्ये बर्लिनच्या हेल्मुट विंटर यांच्या गटानं दाखवलं, की एका ठरावीक वेगाखालचे प्रोटॉन या पृष्ठभागावरून जाताना इलेक्ट्रॉनांना जवळजवळ काहीच देत नाहीत.

2007मध्ये विंटर यांच्या आणि फ्रान्समधल्या ऑर्से इथल्या फिलिप रॉन्सिन यांच्या गटानं, स्वतंत्रपणे, वेगवान आयनांचे अणू करून ते याच स्फटिकावर घासत सोडले. पडद्यावर पट्टे उमटले. स्टर्न यांना दिसलेली लाट हजारो पट ऊर्जेच्या अणूंतही होती.

आज हीच पद्धत स्फटिकावर नवा थर चढत असतानाच त्याचा पृष्ठभाग पाहायला वापरतात. सोंगट्यांचा हिशेब आजही पुष्कळ ठिकाणी चालतो. तो कुठे थांबतो, ते कळायला मात्र 77 वर्षं लागली.