मळीला गिऱ्हाईक मिळालं त्याची गोष्ट

साखर कारखान्यांनी अल्कोहोल काढायला सुरुवात केली ती देशाचं तेल वाचवायला, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. मुळात अडचण साखर काढून उरणाऱ्या मळीची होती. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि तिसाच्या आसपास असलेले कारखाने चार-पाच वर्षांत शंभरावर गेले, त्यातले बहुतेक संयुक्त प्रांत आणि बिहारात. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के मळी निघते. एवढी मळी घेणार कोण? ती खड्ड्यांत नाहीतर ओढ्यांत जाऊ लागली, तेव्हा पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा तोडगा पुढे आला. संयुक्त प्रांताने १९४० मध्ये आणि केंद्राने १९४८ मध्ये ‘पॉवर अल्कोहोल’चे कायदे केले. पण मळी पातळ करून, यीस्ट घालून आंबवली तरी त्यात अल्कोहोल जेमतेम ७-८ टक्के असतं. ऊर्ध्वपातनाने ते ९५ टक्क्यांपर्यंत चढतं आणि तिथेच अडतं. राहिलेलं पाणी पेट्रोलमध्ये खपत नाही, टाकीच्या तळाशी बसतं. ते काढायला वेगळी, खर्चिक यंत्रणा लागते. शिवाय लिटरमागे दहा-बारा लिटर तपकिरी, उग्र वासाचं सांडपाणी हाती राहतं. विल्हेवाटीच्या उपायालाच विल्हेवाट लागावी, हे या धंद्याचं जुनं दुखणं आहे.

पुढे रसायन उद्योगाने हे अल्कोहोल उचललं. १९६०च्या दशकात बरेलीला त्यापासून कृत्रिम रबर निघू लागलं, इतरत्र ॲसेटिक ॲसिड; पेट्रोलचा विचार मागे पडला. २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेलीजवळच्या आंवला इथे मिश्रणाचे प्रयोग झाले, २००३ मध्ये नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सक्तीचं झालं. त्याच सुमारास महाराष्ट्रात दुष्काळ पडला, उसावर लोकरी मावा आला, मळी आटली आणि २००४ मध्ये सक्ती सैल करावी लागली. उपपदार्थाच्या भरवशावर सक्ती केली की असं होणारच. २०१८च्या जैवइंधन धोरणाने यावर इलाज काढला तो मात्र उलटाच. साखर पुरती न काढता मुद्दाम गोड ठेवलेली ‘बी हेवी’ मळी, थेट उसाचा रस, तुकडा तांदूळ, मका हे सगळं इथेनॉलच्या, म्हणजे याच अल्कोहोलच्या, वाटेला लागलं. उरलेल्यातून जे करायचं, त्यासाठी आता पीकच राखून ठेवलं जाऊ लागलं.

यावर उत्तर तयार असतं: साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, म्हणून उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान भाव) चौदा दिवसांत देता येते. हे खरं आहे, आणि ऊसउत्पादकाच्या दृष्टीने लहानसहान नाही. पण एवढी खात्रीची मागणी असेल तर उसाखालचं पाणी ‘जादा साखरे’च्या नावावर खर्ची टाकता येत नाही; ते इंधनाच्या हिशेबात धरायला हवं. अपुऱ्या पावसाने तो हिशेब एकदा मांडूनही दाखवला. डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी दिसताच केंद्राने रसापासून इथेनॉल काढण्यावर बंदी घातली. व्याज सवलतीची कर्जं घेऊन आसवनी उभारलेल्या कारखान्यांनी ओरड केली, तेव्हा काही दिवसांतच १७ लाख टन साखरेपुरती मुभा देऊन ती सैल केली. साखरेचा भाव सांभाळायचा की आसवनीचा हप्ता, हा पेच मळी ओढ्यात सोडणाऱ्या कारखान्यांपुढे तरी नव्हता.