शांताबाई दाणी : चळवळ आणि मुलींचे वसतिगृह

शांताबाई दाणी (१९१९–२००१) या नाशिकच्या आंबेडकरी चळवळीतील अग्रगण्य नेत्या. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमध्ये त्या घडल्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या भूमिहीन सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. १९६८ ते १९७४ या काळात त्या विधान परिषदेच्या सदस्य होत्या.

सभा आणि सत्याग्रहांसाठी त्यांचे नाव घेतले जाते. पण नाशिकचे रमाबाई आंबेडकर मुलींचे वसतिगृह त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले, तक्षशिला विद्यालय उभे केले, हे कामही तेवढेच मोलाचे आहे. त्या अविवाहित राहिल्या. वसतिगृहातील मुली हेच त्यांचे कुटुंब झाले. ‘रात्रंदिन आम्हा’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे.

कंधार, मुखेड भागातून आजही अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे सांभाळणारे कोणी नसेल, तर मुलगीही फडावर जाते आणि तिची शाळा सुटते. राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि विचारपूस करणारे माणूस मिळाले, तरच ती शिकते. शांताबाईंना अभिवादन करताना आपल्या तालुक्यातील मुलींच्या वसतिगृहात एकदा तरी जाऊन यावे.