रेशनकार्ड आणि दवाखाना: आरोग्य विम्याची आपल्याकडची वाट

आरोग्य विम्याचा इतिहास म्हटलं की तुम्ही म्हणाल, मंठ्याचा आणि विम्याचा काय संबंध? संबंध आहे. तो कोणत्या दारातून आला, एवढंच आज आपण पाहणार आहोत.

सुरुवात 1948 पासून करू. त्या वर्षी एप्रिलमध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. मराठवाडा तेव्हा अजून निजामाच्या राज्यात होता. कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी, मालकाची थोडी, आणि त्यातून उपचार, अशी ती रचना. 1952 मध्ये कानपूर आणि दिल्लीत ती सुरू झाली. पण कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते. त्या यादीत कापसाचं जिनिंग-प्रेसिंग होतं, साखर होती, गूळ होता. म्हणजे बघा, आपल्या भागातला शेतमजूर तर बाहेर राहिलाच, पण हंगामापुरता जिनिंगमध्ये राबणाराही बाहेरच राहिला. विमा बारमाही नोकरीला चिकटला होता.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत 1942 मध्ये युद्धामुळे पगारवाढीवर सरकारने लगाम घातला. पगार वाढवता येईना, मग मालकांनी कामगार टिकवायला आरोग्य विमा देऊ केला. तिथेही विमा नोकरीला बांधला गेला, आणि ती गाठ आजवर सुटली नाही. नोकरी गेली की बहुतेकांचा विमाही जातो. म्हातारे आणि गरीब यांच्यासाठी 1965 मध्ये सरकारला वेगळ्या योजना काढाव्या लागल्या.

आपल्याकडे मधली कितीतरी वर्षं आधार होता तो सरकारी दवाखान्याचा. 1956 मध्ये औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि मराठवाड्याला 'घाटी' मिळाली. मोठं दुखणं आलं की पेशंटला घाटीला न्यायचं, ही आपली जुनी रीत. पण हृदयाचं, किडनीचं, कॅन्सरचं दुखणं खासगीत गेलं की शेत गहाण पडायचं. 1997 मध्ये राज्याने जीवनदायी योजना आणली खरी, पण मोजक्याच आजारांसाठी, आणि आधी कागदं जमवायची, मग मंजुरीची वाट बघायची.

खरा बदल 2 जुलै 2012 ला झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आंध्रातल्या 2007 च्या आरोग्यश्रीचा नमुना समोर होताच. मराठवाड्यातून त्यात फक्त नांदेड होतं. जालना आलं नोव्हेंबर 2013 मध्ये. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, आणि हप्ता भरायचा सरकारने. इथे विमा नोकरीला नाही, रेशनकार्डाला बांधला. धान्याचं कार्ड दवाखान्यात चालायला लागलं!

पण मग रंगाचा प्रश्न आला. पिवळं आणि केशरी कार्ड आत, पांढरं बाहेर. पुढे 2015 मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही घेतलं. त्यात जालना होतं. अट एकच, सातबारा दाखवायचा. 2017 मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. जुलै 2023 चा निर्णय 1 जुलै 2024 पासून लागू झाला, आणि रंगाची भिंत पडली. आता सगळ्याच कार्डांना पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे.

मग प्रश्न मिटला का? आमच्या मते नाही. योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी, ठरलेल्या उपचारांसाठी आणि ठरलेल्या दवाखान्यांत आहे. शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या, मंठ्याहून जालन्याला आणि तिथून पुढे जायचं गाडीभाडं, सोबत बसणाऱ्याची बुडालेली मजुरी, हे सगळं खिशातूनच जातं. मोठ्या ऑपरेशनचा खर्च विम्याने उचलला, पण दुखणं मोठं होईपर्यंतचा खर्च आपल्याच अंगावर राहिला.

या इतिहासातून आम्हाला दिसतं ते एवढंच: विमा कशाला बांधायचा, यावरून कोण बाहेर राहणार हे ठरतं. आधी नोकरी होती, मग कार्डाचा रंग, मग सातबारा. आज कार्डावरचं नाव आहे. म्हणून घरी गेल्यावर कार्ड काढून बघा. नव्या सुनेचं, लेकरांचं नाव चढलंय का? दुखणं आल्यावर तहसीलला खेटे घालण्यापेक्षा ते आज केलेलं बरं. आणि गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि गोळ्या आहेत का, हे विचारायचंही सोडू नका. विमा आला म्हणून तो प्रश्न जुना होत नाही.