सिग्नलच्या सेकंदांची कुळकथा

सिग्नलचे दिवे आधी आले, सेकंद मागाहून. 1868च्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटजवळ गॅसवर जळणारा सिग्नल उभा राहिला, तो पोलीस शिपाई हाताने फिरवत असे. जेमतेम महिनाभराने गॅसचा स्फोट होऊन शिपाई जखमी झाला आणि तो प्रयोग तिथेच थांबला. 5 ऑगस्ट 1914 रोजी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या युक्लिड अ‍ॅव्हेन्यूवर विजेचे लाल-हिरवे दिवे लागले, तरी ते बदलायला चौकाच्या कडेच्या केबिनमध्ये पोलीस बसलेला असायचाच. कुठली बाजू किती वेळ सोडायची, हे त्याच्या नजरेने ठरे.

1920च्या दशकात पोलिसाच्या जागी घड्याळ आलं आणि खरी पंचाईत सुरू झाली. पोलिसाला रांग दिसायची, घड्याळाला दिसेना. समोर चिटपाखरू नसताना लोक लाल दिव्यापाशी ताटकळू लागले. त्यावर बॉल्टिमोरच्या चार्ल्स अ‍ॅडलरने 1928मध्ये खांबावर मायक्रोफोन बसवला. आडव्या रस्त्यावरून आलेल्याने हॉर्न वाजवला, की त्याला हिरवा मिळे! मुंबई पोलिसांनी 2020च्या सुमारास नेमकी उलटी युक्ती करून पाहिली: हॉर्नचा गलका 85 डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सिग्नलला कान देण्याची कल्पना तीच, फक्त बक्षिसाची शिक्षा झाली.

पण सेकंद ठरवायचे कसे, याचं समाधानकारक उत्तर मिळायला 1958 साल उजाडलं. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी चौकातला वाया जाणारा वेळ हिशेबात धरला. सिग्नल सुटला तरी पहिली गाडी लगेच हलत नाही. चालकाने दिवा पाहायचा, गिअर टाकायचा, मग गाडी निघायची. मागच्या गाड्या मात्र एकदा लय लागली की सपासप सुटतात. शेवटी पिवळा लागतो आणि पुन्हा काही क्षण कोणीच जात नाही. बाजू बदलली की हे नुकसान ठरलेलंच. म्हणून भराभर बाजू बदलल्या तर नुकसानच जास्त, आणि सावकाश बदलल्या तर प्रत्येकाची खोळंबण्याची वेळ वाढते. या दोहोंमध्ये सरासरी खोळंबा सगळ्यात कमी असेल असा बिंदू वेबस्टर यांनी गणिताने आणि संगणकावरच्या प्रयोगांनी शोधला.

त्यांचं सूत्र वहीच्या कोपऱ्यात मावेल एवढं आहे. एका फेरीत, म्हणजे सगळ्या बाजू एकेकदा सुटेपर्यंत, वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करायची, त्यात 5 मिळवायचे. मग प्रत्येक बाजूला येणारी वाहनं, भागिले सतत हिरवा ठेवल्यास तिथून जाऊ शकणारी वाहनं, असा भार काढायचा. सगळ्या भारांची बेरीज 1मधून वजा करून जे उरेल त्याने आधीच्या आकड्याला भागायचं, की फेरीचे सेकंद मिळतात. समजा, 10 सेकंद वाया जातात आणि दोन बाजूंचे भार 0.40 व 0.35 आहेत. मग 20 भागिले 0.25, म्हणजे 80 सेकंदांची फेरी. उरलेले 70 सेकंद भारांच्या प्रमाणात वाटले, की एकीला साधारण 37, दुसरीला 33.

आता हीच बेरीज 0.75वरून 0.90 होऊ द्या. गर्दी वाढली पाचव्या हिश्शाने, पण फेरी 80वरून थेट 200 सेकंदांवर जाते. संध्याकाळी सहाला चौक अचानक का तुंबतो, ते या एका भागाकारात दिसतं. आणि बेरीज 1ला पोहोचली, की सूत्राकडेही उत्तर उरत नाही. तिथे सेकंद मागेपुढे करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रस्त्याला तेवढी वाहनं पेलतच नाहीत.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने भारतासाठीही हीच पद्धत घेतली, वेबस्टर यांच्या आकड्यांसकट: सतत हिरवा ठेवल्यास रस्त्याच्या दर मीटर रुंदीमागे तासाला 525 मोटारी. हा आकडा रांगेत चालणाऱ्या ब्रिटिश गाड्यांचा. पुण्याच्या चौकात लाल दिव्यावर दुचाकी मोटारींच्या फटींतून पुढे सरकतात, झेब्रा क्रॉसिंगच्या तोंडाशी घोळका करतात आणि हिरवा लागताच सगळ्या एकदम सुटतात. पहिल्याच काही सेकंदांत इतकी वाहनं पार होतात, की ब्रिटिश कोष्टक इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 2017मध्ये भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची स्वतंत्र पुस्तिका निघाली, तेव्हा सिग्नलच्या चौकांची मोजणी आपल्या मिश्र वाहतुकीवर, दुचाकी-रिक्षांसकट, नव्याने झाली.