मुशीतले शब्द

नगरथपेठेच्या एका बोळात माझ्या मामाचं गलाईचं दुकान होतं. खालच्या खोलीत भट्टी, काजळलेली भिंत, तेजाबाच्या बरण्या. वर लाकडी माळा, तिथं आम्ही झोपायचो. आमच्या विट्याकडची, खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला भारतभर पांगली. शेतात काही पिकेना, म्हणून पांगली. मामा 1972 च्या दुष्काळात बंगळूरला आला. मी 1991 च्या जूनमध्ये, कराडचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा ट्रंकेत घालून, मिरजेहून गाडीनं. सौर पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली होती.

दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठीत झालं. डिप्लोम्याची पुस्तकं इंग्रजीत होती, पण ती पाठ करून परीक्षा देता येत होती. कारखान्यात पाठांतराचा उपयोग नव्हता. तिथं कोणी 'फ्रिट' म्हटलं की हात नेमक्या डब्याकडे जायला हवा. पहिल्या आठवड्यात मी दोनशे पानी वही केली आणि ऐकू येतील तसे शब्द देवनागरीत लिहायला लागलो. वेफर, टेक्श्चरिंग, डिफ्युजन, बसबार. रात्री जेवताना मामा विचारायचा, "आज काय आणलंस?" जणू मी बाजारातून शब्द आणतोय.

एका रात्री मी 'क्रुसिबल' आणला. क्वार्ट्झचं भांडं असतं, त्यात सिलिकॉन वितळवतात, चौदाशे अंशांच्या वर तापवावं लागतं, असं मी सांगितलं. मामा घास थांबवून म्हणाला, "मग मूस म्हण की." तो शब्द मला लहानपणापासून ठाऊक होता, भट्टीशेजारी ती मूस रोज दिसत होती, आणि तरी मी क्रुसिबल हा परका म्हणून घोकत बसलो होतो.

पुढचा शब्द त्याच्या धंद्यातलाच निघाला. सौर सेलच्या निळ्या पृष्ठभागावर ज्या बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, त्या चांदीच्या असतात. चांदीची पेस्ट जाळीतून छापायची, मग सेल भट्टीतून काढायचा. बारीक रेघांना फिंगर म्हणतात, त्या जिला मिळतात त्या जाड रेघेला बसबार. मामानं विचारलं, भट्टी किती? मी म्हटलं, आठशेच्या आसपास. त्यानं मान हलवली. "चांदी साडेनऊशेच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. आठशेला ती धरेल कशी?" मी निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी आमच्या लाइनवरच्या एका वयस्कर कन्नड तंत्रज्ञाला हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी फ्रिटचा डबा उघडून दाखवला. पेस्टमध्ये काचेची पूड असते. ती आधी वितळते, सेलवरचा थर खाते आणि चांदीला खालच्या सिलिकॉनशी बांधून देते. रात्री मी हे सांगितल्यावर मामा म्हणाला, टाकणखार हेच करतो. फ्रिट हा शब्द मला तेव्हा कळला, आणि तो मला इंग्रजीच्या कुठल्याही पुस्तकानं शिकवला नव्हता.

तेव्हापासून तीस वर्षं मी या शब्दांचा माग काढतो आहे. बंगळूरसारखं गाव त्यासाठी दुसरं सापडणार नाही, कारण इथं प्रत्येक पिढीत एक नवी ऊर्जा आली आणि प्रत्येक ऊर्जा आपली बोली घेऊन आली.

सुरुवात पाण्यापासून. म्हैसूरचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात कावेरीवर शिवनसमुद्रला वीज करायचं ठरलं. कॅप्टन जोली द लॉटबिनियर या अभियंत्याच्या हाती काम होतं, यंत्रं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची होती. 1902 च्या जूनमध्ये वीज निघाली, ती सुमारे 147 किलोमीटरच्या तारांवरून थेट कोलारच्या सोन्याच्या खाणीत गेली. शेषाद्री अय्यर ते पाहायला राहिले नव्हते. आदल्या वर्षीच त्यांचं निधन झालं. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते 1905 च्या ऑगस्टमध्ये. टर्बाइन, पेनस्टॉक, हेड, ट्रान्सफॉर्मर, लाइनमन हे शब्द या मुलखात तेव्हा उतरले. पेनस्टॉक म्हणजे पाणी खाली आणणारा जाड नळ आणि हेड म्हणजे पाणी किती उंचावरून येतं ती उंची. दोन्ही शब्द कागदावर वाचून डोक्यात राहत नाहीत. शिवनसमुद्रला गगनचुक्कीचा धबधबा एकदा पाहिला की हेड विसरता येत नाही.

इथं एक गोष्ट मला पहिल्या महिन्यातच जाणवली. आपण मराठीत म्हणतो 'लाइट गेली'. बंगळूरचा माणूस म्हणतो 'करेंट होय्तु', करंट गेला. आपल्याला वीज दिव्याच्या रूपात भेटली, यांना प्रवाहाच्या. म्हैसूर राज्याची वीज दिव्यांच्या तीन वर्षं आधी खाणीच्या यंत्रांना मिळाली होती, म्हणून असं झालं असेल, असं मला उगीचच वाटत आलं आहे. पुरावा माझ्याकडे नाही.

सूर्याचे शब्द मात्र वेगळ्या वाटेनं आले, आणि ती वाट पुण्यावरून जाते. ॲना मणी यांनी 1940 नंतरची काही वर्षं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे हिरे आणि माणकांवर काम केलं. मग इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं शिकल्या आणि 1948 मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. तोवर साधी साधी उपकरणंही परदेशातून यायची. मणींनी शंभराच्या आसपास उपकरणांची रेखाटनं प्रमाणित करून घेतली आणि ती इथं बनू लागली. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी त्यांनी देशात सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभी केली. निवृत्तीनंतर त्या पुन्हा बंगळूरला आल्या, रामन संशोधन संस्थेत. 1980 मध्ये भारतातल्या सौर प्रारणाच्या आकड्यांचा त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला, मग वाऱ्याचा. आमच्या डिझाइन विभागातल्या टेबलावर तो सौर ग्रंथ असायचा. कुठल्या गावात कुठल्या महिन्यात किती ऊन पडतं हे पाहिल्याशिवाय कोणी पॅनेलांची संख्या ठरवत नसे. पायरॅनोमीटर, पायरहेलिओमीटर, ॲनिमोमीटर हे शब्द मी त्या ग्रंथामुळे शिकलो. ते इंग्रजीही नव्हेत. पायर म्हणजे विस्तव, हेलिओस म्हणजे सूर्य, ॲनिमोस म्हणजे वारा. इंग्रजांनीही ते ग्रीकांकडून उसने घेतलेत, हे कळल्यावर माझी भीती निम्मी झाली.

प्रारण हा शब्द मी वर सहज वापरला. मराठी विश्वकोशात रेडिएशनला तोच शब्द आहे. पण तो वर्तमानपत्रात पोचला नाही. तिथं रेडिएशन म्हणजे किरणोत्सर्ग. मी सुट्टीत विट्याला गेलो आणि आईला सांगितलं की आमच्याकडे सूर्याचं रेडिएशन मोजतात, तर तिनं माझा हात धरला. चेर्नोबिलची बातमी तिला आठवत होती. अर्धा तास समजावलं, ऊन मोजतो गं, ऊन. शब्द चांगला घडवून कोशात ठेवला आणि माणसांपर्यंत नेला नाही, तर अशी भीती उरते. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

ऊन मोजण्यावरून माझी चूक सांगितली पाहिजे. पहिल्या मासिक अहवालात मी 'इन्सोलेशन' लिहायच्या ठिकाणी सगळीकडे 'इन्सुलेशन' लिहिलं. एका स्वराचा फरक. वरिष्ठांनी लाल रेघ मारून कागद परत पाठवला, कारण कोणी सांगितलं नाही. मी स्पेलिंग सोडून बाकी सगळं तपासत रात्र काढली. शेवटी त्याच फ्रिटवाल्या तंत्रज्ञांनी कागदाच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहिले. इन्सोलेशनमध्ये 'सोल' आहे, लॅटिनमधला सूर्य. इन्सुलेशनमध्ये 'इन्सुला' आहे, म्हणजे बेट. तार सगळ्यांपासून तोडून बेटासारखी ठेवायची. पुढे ग्रिडला जोडलेले इन्व्हर्टर आले आणि 'आयलंडिंग' हा शब्द कानावर पडला, तेव्हा मला तेच बेट भेटलं. मुख्य वीज गेली तरी छतावरच्या पॅनेलनी तेवढ्याच भागात वीज चालू ठेवली, तर ते बेट होतं आणि तार बंद समजून खांबावर चढलेला लाइनमन त्यात मरू शकतो. हा शब्द मी शिकाऊ पोरांना कधीही फळ्यावर शिकवला नाही. मेन बंद करून, इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो की नाही हे त्यांच्या हातात मीटर देऊन दाखवलं.

गोबर गॅसची कथा थोडक्यात. विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डींनी 1974 मध्ये खेड्यांसाठी 'अस्त्र' हा गट काढला. कुणिगल तालुक्यातल्या पुरा गावात सामुदायिक गॅस संयंत्र झालं. स्वयंपाकाला गॅस पुरेना, तेव्हा 1987 मध्ये त्यावर वीज आणि पिण्याचं पाणी द्यायचं ठरलं. 'डायजेस्टर' हा शब्द तिथला. पचवणारा. गाईच्या पोटाचंच काम तो करतो, त्यामुळे शेतकऱ्याला त्याचा अर्थ समजावावा लागत नसे.

खुद्द या क्षेत्राचं नावही स्थिर राहिलेलं नाही. केंद्रानं 1981 मध्ये आयोग नेमला, तो 'अतिरिक्त' ऊर्जास्रोतांसाठी. 1982 मध्ये खातं झालं, 'अपारंपरिक' ऊर्जेचं. 1992 मध्ये त्याचं मंत्रालय झालं आणि 2006 मध्ये नाव बदलून 'नवीन आणि नवीकरणीय' झालं. मी नोकरीला लागलो तेव्हा अपारंपरिक होतो, निवृत्त झालो तेव्हा नवीकरणीय. आणि 2019 च्या मार्चपर्यंत 25 मेगावॉटहून मोठी जलविद्युत केंद्रं या नावात बसत नव्हती. 42 मेगावॉटचं शिवनसमुद्र, जिथून इथली सगळी गोष्ट सुरू झाली, तेही बाहेरच.

बंगळूर आणि मराठी म्हटलं की शहाजीराजांची जहागीर आठवते. त्यांच्या इथल्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी होता. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू'त अनेक भाषांतल्या कविता आहेत. शहाजीराजांच्या मुलानं पुढे राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दोन्ही गोष्टी मला आपल्या वाटतात, पण आमच्या लाइनवर चालली ती दरबाराची, अनेक भाषांची रीत. 36 सेल एकामागे एक जोडले की 12 व्होल्टची बॅटरी भरणारं पॅनेल होतं. त्या जोडीला 'स्ट्रिंग' म्हणतात. जोडणाऱ्या कन्नड बायका तिला 'सर' म्हणायच्या. मोत्यांचा सर आपल्याकडेही सरच. मी वहीत स्ट्रिंगपुढे तेवढंच लिहिलं.

मामा आता पंच्याऐंशीचा आहे. दुकान मुलाकडे आहे, भट्टी गावाबाहेर गेली. त्याचा नातू पावगड्याला असतो, तुमकूर जिल्ह्यात, 2,050 मेगावॉटच्या सौर उद्यानात. शेतकऱ्यांकडून भाड्यानं घेतलेली सुमारे 13,000 एकर कोरडवाहू जमीन, सगळीकडे पॅनेल. पोरगा इंग्रजी शाळेत शिकलेला, त्याला माझ्यासारखी वही करावी लागली नाही. त्याची अडचण उलटी. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "काका, आजोबा रोज विचारतात आज काय केलंस. आज दुपारभर कर्टेलमेंट होतं. त्याला मराठीत काय म्हणू?"

ऊन भरपूर, पॅनेल धडधाकट, पण ग्रिडला तेवढी वीज नको असते, म्हणून वरून निरोप येतो, उत्पादन उतरवा. 'वीजकपात' म्हणावं तर ती गिऱ्हाइकाची. मी शब्द शोधत राहिलो. तेवढ्यात त्यानं आजोबांनाही फोनवर जोडून घेतलं होतं. मी मामाला सगळं सविस्तर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे मूस तापलीय, चांदी पातळ झालीय, आणि ओतायला साचा रिकामा नाही. असंच ना?"

मी हो म्हटलं आणि वही शोधायला उठलो.