बलक-प्रतिपिंडे

लस टोचलेल्या कोंबडीच्या अंड्यातील पिवळ्या बलकापासून मिळवलेली रोगप्रतिकारक प्रथिने. शास्त्रीय नाव आयजीवाय. लेस्ली व क्लेम यांनी १९६९ मध्ये सुचवलेले.

वासराला आईच्या चिकातून जे संरक्षण मिळते, ते कोंबडीच्या पिलाला बलकातून मिळते. कोंबडीच्या रक्तातली प्रतिपिंडे अंडाशयात वाढणाऱ्या बलकात साठतात आणि उबवणीच्या काळात पिलाच्या रक्तात उतरतात. फेलिक्स क्लेंपेरर यांनी धनुर्वाताच्या विषावर प्रयोग करून हे १८९३ मध्येच दाखवले होते. तरीही प्रतिपिंडे मिळवण्यासाठी प्रयोगशाळा पुढे कित्येक दशके सशांचे व घोड्यांचे रक्तच काढत राहिल्या. अंडी गोळा करायला सुई लागत नाही, हा साधा फायदा प्राणिकल्याणाचा प्रश्न ऐरणीवर आल्यावरच नजरेत भरला.

निष्क्रिय केलेले जंतू किंवा त्यांचा एखादा भाग कोंबडीच्या छातीच्या स्नायूत टोचतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा मात्रा देतात. एका अंड्यात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम आयजीवाय असते. मात्र त्यातला थोडाच अंश नेमक्या त्या जंतूविरुद्ध काम करतो. बलक किंचित आम्लयुक्त पाण्यात पातळ करून थंड ठेवला की स्निग्धांश खाली बसतो व प्रतिपिंडे वरच्या पाण्यात राहतात. खाद्यात मिसळायचे असेल तर इतके सोवळे पाळावे लागत नाही. वाळवलेल्या बलकाची पूडही चालते.

मुख्य उपयोग डुकरांच्या पिलांच्या व वासरांच्या हगवणीत. ई. कोलाय जिवाणू ज्या तंतूंनी आतड्याला चिकटतो, त्यांनाच प्रतिपिंडे धरून ठेवतात. रोटाविषाणूला पेशीत शिरू देत नाहीत. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर युरोपीय संघाने २००६ पासून बंदी आणल्यावर या पर्यायाचे महत्त्व वाढले. मात्र याला प्रतिजैविकाची जागा घेणारे औषध म्हणणे घाईचे ठरेल. जठरातल्या तीव्र आम्लात प्रतिपिंडांचा बराच भाग निकामी होतो, ती ज्या जंतूविरुद्ध बनवली त्याच्यापुरतीच चालतात, आणि देणे थांबवले की संरक्षणही ओसरते. जनावराची स्वतःची प्रतिकारशक्ती यातून तयार होत नाही.

कोंबड्यांमधील गंबोरो या विषाणूजन्य रोगात बलकाचे द्रावण थेट टोचलेही जाते. तिथे अंडी कोणत्या कळपातली हे आधी पाहावे लागते; कळप निरोगी नसेल, तर बलकाबरोबर दुसराच एखादा विषाणू टोचला जाऊ शकतो.